खोगीर उतरवताना

दोन माणसांच्या छोट्या स्पोर्ट्स कारची सीट काढायला १४ नंबरचा सॉकेट, एक लांब एक्स्टेन्शन आणि अर्धा तास पुरतो. परत बसवायला किती लागतो, हे बसवणाऱ्याच्या स्वभावावर आहे. मला गेल्या खेपेला अख्खा रविवार लागला आणि त्यातलं एक मिनिटही फुकट गेलं असं मला वाटत नाही. आमच्या घरात याबद्दल दुमत आहे.

गाडी १९९० सालची माझदा. जगभर तिला एमएक्स-५ म्हणतात. माझी मूळ जपानातली, म्हणून तिच्यावर 'युनोस रोडस्टर' असं नाव आहे. जपानातही आपल्यासारखं डावीकडून गाड्या चालवतात, तेव्हा तिथल्या जुन्या गाड्या जहाजात घालून इंग्लंडला आणायचा धंदा एके काळी जोरात होता. त्यातून ही ससेक्सला, माझ्या दारात आली. लांबी चार मीटरला जराशी कमी, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन १,६०० सीसीचं, टप कापडी, सीट दोन. मागे तिसऱ्या माणसाला काय, तिसऱ्या पिशवीलाही जागा नाही.

सीट काढायचं कारण अगदीच अरसिक होतं. पाऊस. टपावरून ओघळणारं पाणी दोन्ही दारांमागच्या कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या नळीतून खाली रस्त्यावर जातं. ही नळी अधूनमधून साफ करायची असते. मी केली नाही. ओकच्या पानांचा चिखल साचला, पन्हळ तुंबली की चाळीच्या भिंतीचं जे होतं ते माझ्या कार्पेटचं झालं, आणि एका सकाळी गाडीत पाय ठेवला तर मोजा ओला. कार्पेट उचलायचं तर आधी सीट उचलायला हवी. एवढंच. पण काही कामं अशी असतात की कारण ओलांडून ती आपल्याला पुढे नेतात. घर आवरायला म्हणून जुनी ट्रंक उघडावी आणि दुपार तिथेच संपावी, तसं.

घरगुती मोटारीतली सीट ही दिवाणखान्यातल्या कोचाची मावसबहीण. तिचं काम माणसाला रस्त्याचा विसर पाडणं. या गाडीतल्या सीटचं नातं मात्र खोगिराशी आहे, आणि ते मी जुळवलेलं नाही, बनवणाऱ्यांनीच जुळवलं. तोशिहिको हिराई हे या गाडीचे प्रमुख. त्यांच्या मंडळींनी सगळ्या कामाला एकच ध्रुपद दिलं होतं: 'जिन्बा इत्ताई'. स्वार आणि घोडा, दोघांचं मिळून एक अंग. जपानी घोडेस्वार तिरंदाजांच्या परंपरेतली ही कल्पना. धनुष्य ओढायचं तर दोन्ही हात गुंतलेले, लगाम सुटलेला. घोड्याला काय सांगायचं ते मांड्यांनी आणि कमरेने सांगायचं.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे 'मांड' हा शब्द आहे. मांड ठोकतात, मांड बसते, मांड ढिली होते, आणि मांड मोडली की स्वार पडतो. घोडा, खोगीर आणि स्वाराचं अंग या तिन्हींच्या मधे जे काही घडतं ते सगळं या दोन अक्षरांत आहे. इंग्रज स्वारही पक्की मांड असणाऱ्याचं कौतुक करताना त्याची 'सीट' चांगली आहे असं म्हणतो. मोटारीत बसला की मात्र तोच शब्द त्याच्या तोंडी गादीपुरता उरतो.

या गाडीत माणूस कुठे बसवला आहे ते पाहा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,२६५ मिलिमीटर. त्यात लांबलचक नाक, त्यात मागे सरकवून बसवलेलं इंजिन, आणि मग तुम्ही, जमिनीला जवळजवळ टेकलेले, मागच्या धुऱ्याच्या थोडेच पुढे. दार उघडं ठेवून हात खाली सोडला तर बोटं डांबराला लागतात. पुढच्या चाकांची खबर स्टिअरिंगमधून हाताला कळते. मागची चाकं काय करताहेत, ओल्या वळणावर ती सुटायच्या बेतात आहेत का, हे हाताला कधीच वेळेवर कळत नाही. ते माकडहाडाला कळतं. म्हणून या गाडीत सीट हे ज्ञानेंद्रिय आहे असं मी मानतो, आणि ते काढून हातात घेण्याची संधी सोडत नाही.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, वर्दिंग नावाच्या समुद्रकाठच्या गावात, १९८५ साली या गाडीचा पहिला चालता नमुना बांधला गेला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आराखडा कॅलिफोर्नियातला, नमुना ससेक्समधला, कारखाना हिरोशिमाचा. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांना दिसली, तेव्हा पुष्कळांना साठीच्या दशकातल्या लोटस एलानची आठवण झाली, आणि ती तशी व्हावी अशीच योजना होती. त्या सुमाराला इंग्रजांनी स्वतः असल्या गाड्या बनवणं जवळजवळ सोडून दिलं होतं. घराणं एकाचं आणि गाणारा भलत्याच गावचा, हा प्रकार आपल्या संगीतातही नवा नाही.

तर, चार बोल्ट.

पुढे दोन, मागे दोन. पुढचे दिसण्यासाठी सीट पूर्ण मागे सरकवायची. मागचे दिसण्यासाठी पूर्ण पुढे. जी वस्तू काढायची तिनेच आधी सरकून वाट द्यायची, असा हा मामला आहे. रूळ गंजून सीट एका जागी अडकली असेल तर ती चालवणाऱ्यालाही सोडवत नाही आणि काढणाऱ्यालाही. ही रचना मुद्दाम केलेली नसावी, पण मला ती आवडते. कुलपाची किल्ली कुलपातच.

ओवीचे चरण साडेतीन मानतात. तीन यमकाने बांधलेले, सारख्या चालीचे. चौथा आखूड आणि मोकळा. सीटच्या चार बोल्टांची चालही थेट तीच. तीन बोल्टांना रॅचेटचा दांडा ऐसपैस फिरवता येतो. चौथा, मागचा आतल्या अंगाचा, गिअरबॉक्सच्या उंचवट्याला खेटून. तिथे दांडा फिरायला जागा इतकी थोडी की रॅचेटची एकेक टिक मोजत यावं लागतं. बाकीचे तीन मिळून पाच मिनिटं घेतात आणि हा एकटा दहा. पण त्या टिकटिकीतच कामाची खरी लय सापडते. पहिले तीन सोडवताना माणूस घाईत असतो.

सुरुवात मात्र चारही बोल्ट नुसते 'मोडून' घ्यायची. मोडणं म्हणजे पहिली पकड सोडवणं, पाव फेरा, बस. एक पूर्ण काढून टाकला आणि दुसरा हटून बसला, तर अर्धवट सुटलेली सीट हलते आणि हटलेल्या बोल्टवर तिरका ताण येतो. आदल्या रात्री चौघांनाही तेल पाजून ठेवलेलं होतं. सकाळी लांब दांडा लावला, त्यावर वजन टाकलं, आणि आवाजाची वाट पाहत राहिलो. इथे कान हवा. पकड सुटल्यावर निरोगी बोल्ट एकदाच 'टक्' करतो, कोरडा आणि स्वच्छ, सुपारी फुटल्यासारखा. हा आवाज तीस वर्षांहून जुन्या बोल्टातून आला की अंगावर मूठभर मांस चढतं. दुसरा आवाज 'कर्र' असा लांबत जातो, आणि दांडा हातात मऊ लागतो. तो आला की थांबायचं. आटे चालले.

माझ्या तिसऱ्या बोल्टाने 'कर्र' केलं. पूर्वी केव्हातरी, कुणीतरी, तो आट्यांत नीट न बसवता तिरकाच पिळून घट्ट केला होता. खालचा नट जमिनीच्या पत्र्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे नट खराब झाला तर काम सीटचं न राहता वेल्डिंगचं होतं. म्हणून पाव फेरा उलट, तेल, पाव फेरा सुलट, पुन्हा अर्धा फेरा मागे; दंश झालेल्या माणसाला बोलतं ठेवावं तसं करत त्याला बाहेर आणला. आट्यांच्या घळीत पत्र्याचे केसासारखे चकाकते तुकडे होते. ज्याने हे केलं तो सीट कधी काढणार नव्हता. त्याला फक्त बसवायची होती. बसवणाऱ्याने पुढच्या काढणाऱ्याचा विचार केला की नाही, ते बोल्ट बाहेर काढल्यावर कळतं.

बोल्ट निघाले तरी सीट लगेच उचलायची नाही. तिला मागे कलंडवून पोटाखाली पाहायचं. तिथे तारा असतात: एक पट्ट्याच्या बकलाकडे जाणारी, आणि माझ्या गाडीत दुसरी डोक्याच्या उशीतल्या स्पीकरांची. उघड्या गाडीत दारातल्या स्पीकरचा आवाज वारा घेऊन जातो, म्हणून या लोकांनी गाणं थेट कानामागे ठेवलं. तारेची लांबी पाहण्यासारखी आहे. सीट पुढेमागे सरकेल एवढी, वर वीतभर नाही. जोड सोडवल्याशिवाय सीट ओढली तर तार तुटणारच. पुढच्या पिढ्यांच्या गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते, तिथे तिचा पिवळा जोड सोडवण्याआधी बॅटरी काढून थोडं थांबावं लागतं. माझ्या सीटमध्ये असलं स्फोटक काही नाही. ती अजून नुसतीच बैठक आहे.

आणि मग उचलणं. चारदारी मोटारीची सीट बाहेर काढणं म्हणजे गोदरेजचं कपाट चाळीच्या जिन्यातून उतरवणं. फिरव, तिरकं कर, अरे अरे पत्र्याला लागेल. इथे टप मागे टाकला की वर आभाळ. उंबऱ्यावर जुनी गोधडी घातली, पाठ पुढे मोडून घेतली, आणि सीट सरळ वर उचलली, पाळण्यातून मूल उचलावं तशी. एका माणसाचं काम. या एका क्षणासाठी मी सगळ्या उघड्या गाड्यांना त्यांचं सगळं गळणं माफ करतो.

दोन्ही सीटा हिरवळीवर ठेवल्या. त्या तिथे समोरासमोर बसल्यासारख्या दिसत होत्या. गाडीचं आतलं रूप मात्र पाहवत नव्हतं. स्टिअरिंग कुणाहीसमोर नाही, गिअरचा दांडा एकटा. ओलं कार्पेट काढलं, त्याखालचा स्पंज पिळला, त्या पाण्याबद्दल न लिहिलेलं बरं. डाव्या रुळाच्या जागी धुळीत पाच येनचं नाणं सापडलं, पितळी, मधे भोक असलेलं. माझ्या आजीच्या डब्यात १९४३ ते ४७च्या दरम्यानचे भोकाचे पैसे असत, अगदी तसंच. ते कुणाच्या खिशातून पडलं, कोणत्या वळणावर, कोण जाणे. मी ते पुसून खिडकीत ठेवलं.

मग एक गोष्ट केली जी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसलो आणि इंजिन चालू केलं. दार बंद, टप उघडा, हनुवटी स्टिअरिंगच्या पातळीला. अंगात एकदम गिरणी सुरू झाली. इंजिनची थरथर, पंपाची बारीक घरघर, एक्झॉस्टचा दणका, सगळं एकाच पट्टीत आणि सारख्याच जोराने. काही कळेना. तिथे बसल्यावर सीटबद्दलचं माझं मत बदललं. मी समजत होतो की गाडीचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचवण्याचं श्रेय सीटच्या पातळपणाला आहे. सीट जितकी कमी तितकी गाडी जास्त. तसं नाही. नुसत्या पत्र्यावर गाडी ओरडते, बोलत नाही. इंजिनची बारीक थरथर गादीत मुरली पाहिजे आणि मागच्या चाकाची लचक वर आली पाहिजे, ही निवड फोम, तारा आणि कापड मिळून करतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जव्हारी लावतात, तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवून. दोरा नसेल तर तार वाजते, पण बोलत नाही.

ही सीट आतून पाहिली तर हे पटतं. वरचं कापड तातामी चटईच्या विणीवरून सुचलेलं, असं तिचे कर्तेच सांगतात. जपानी माणसाची मूळ बैठक जमिनीवरची, ती अशी गाडीत आली. कापड खाली लोखंडी कड्यांनी फोमला आवळलेलं. कड्या पक्कडीने एकेक उघडाव्या लागतात, आणि पुन्हा बसवताना नवीन घ्याव्यात. वाकवून सरळ केलेली कडी दुसऱ्यांदा तितकी घट्ट मिटत नाही. आपल्याकडचा जीनगर खोगिराची भरती करायचा त्याहून हे काम फार वेगळं नसावं. 'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी माणसांसाठी आणि लांबलेल्या भाषणांसाठी वापरतो, पण जीनगराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की भरती चुकली की घोड्याची पाठ लागते. चांगल्या खोगिरात भरती हाच सगळा हुनर.

उंच माणसांना या गाडीत एक अडचण आहे. काचेच्या चौकटीची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येते. त्यावर गाडीच्या भक्तांनी काढलेला इलाज म्हणजे सीट काढायची, कापड उकलायचं आणि बुडाखालच्या फोमची एक चकती कापून टाकायची. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नाक मुरडलं होतं. कर्त्याच्या बंदिशीत आपण कोण सुरी घालणार? पण सीट समोर उलटी पडलेली, सुरी हाताशी, आणि तीस वर्षांच्या बसण्याने फोमला मधे आधीच खळगा पडलेला. पहिल्या मालकाची, दुसऱ्याची, माझी, सगळ्यांच्या बैठकीची ती एकत्र सही होती. मी आपल्या बाजूच्या सीटची बोटभर जाडीची चकती काढली, कडा उतरत्या केल्या, आणि खळग्याचा आकार मात्र होता तसा ठेवला. शेजारच्या सीटला हात लावला नाही. ती माझी नव्हे.

पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या इंग्रजाची एमजीबी आहे. त्याच्या गाडीत सीटच्या रुळांखाली लाकडाच्या पट्ट्या असतात, साध्या पट्ट्या, सुताराच्या. मी आधी हसलो होतो. आता वाटतं, लाकडालाही काहीतरी मुरवायची विद्या असते. लोटस एलिजवाले दुसऱ्या टोकाला गेले: पहिल्या एलिजमध्ये चालवणाऱ्याची सीट सरकते, शेजारची सरकतच नाही, जागच्या जागी पक्की. चालवणारा सोडून बाकीचं सगळं सामान, असा त्यांचा स्पष्ट हिशेब. गोव्यात एके काळी सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची दोन सीटांची उघडी गाडी बनायची. तिच्यात मी एकदाच, शेजारच्या सीटवर, बसलो आहे. त्या पंधरा मिनिटांत मांड नावाची गोष्ट प्रथम लक्षात आली असं आता म्हणतो, तेव्हा मात्र फक्त वाऱ्याने केस विस्कटले होते.

परत बसवणं हे काढण्याचं उलट काम आहे असं मॅन्युअल म्हणतं. या एका वाक्याइतकं फसवं वाक्य यंत्रांच्या वाङ्मयात दुसरं नसेल. काढताना प्रत्येक बोल्ट आपल्या भोकात असतो. बसवताना तुम्ही चार भोकं शोधत असता आणि सीटचा पाय त्यांवरून सरकत असतो. तिच्या दोन रुळांपैकी एक उचलताना एक खाच सरकला तर पाय तिरके होतात आणि तीन बोल्ट बसून चौथा काही केल्या सापडत नाही. ती खाच हिरवळीवरच तपासायची. मग चारही बोल्ट बोटांनी, नुसत्या बोटांनी, दोन-तीन फेरे. बोटांना आटे कळतात. तिरका चाललेला बोल्ट पहिल्याच फेऱ्यात अडखळतो, आणि पाना तो अडखळ ऐकत नाही. चारही चरण हातात आल्यावरच पाना, तोही थोडाथोडा, कोपऱ्याकोपऱ्याने, तिरक्या क्रमाने. शेवटी टॉर्क-पान्याची खटकी. आधी ज्याने 'कर्र' केलं होतं त्या भोकात आटे फिरवून साफ केले आणि बोल्ट नवा घातला. तो शेवटी बसला. इंग्लंडात गाडीच्या वार्षिक तपासणीत सीट पक्की आहे का हे हलवून पाहतात. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. सीट हलली नाही. तिच्यासकट गाडी हलली, स्प्रिंगांवर, थोडी. पक्की मांड याला म्हणतात.

तारा जोडल्या. कार्पेट आठवडाभर दिवाणखान्यात वाळून झालं होतं, त्याबद्दलही घरात दुमत होतं. माझ्या सीटवर बसलो तर काचेची कड डोळ्यांच्या वर गेलेली, आणि समोर रस्ता सबंध, मधे पट्टी नसलेला. आरसे तेवढे नव्याने वळवावे लागले.

सीट काढण्यापूर्वी मी एका कागदावर दोन आकडे लिहून ठेवले होते: मागून मोजलेल्या खाचा, माझ्या ५, तिच्या ७. तिची सीट बरोबर सातव्या खाचेवर लावली होती. रविवार मावळायच्या आत एक चक्कर मारू म्हणून तिला बोलावलं. ती बसली, पट्टा लावला, पाय लांब केले, आणि हलली नाही.

"अरे, ही पुढे आहे."

"सातवर आहे. लिहून ठेवलं होतं."

"एक खाच पुढे आहे."

मी कागद काढून दाखवला. तो माझ्याच अक्षरात होता. मग खाली वाकून खाचा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की काढण्यापूर्वी मोजताना मी अगदी मागची जागा एक धरून मोजली होती, आणि लावताना शून्य धरून. तिने दांडी उचलली, बूड जरासं मागे रेटलं, 'खट्'.

"हं," ती म्हणाली. "चल आता."